घटका कोण मोजतो? : संगणकाच्या गाभ्यातील क्रम आणि काळ

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर परवलीचा शब्द विचारला जाईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात आपण चहाचा घोट घेतो, नाहीतर शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. ह्या सेकंदांत आत काय चालते ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. यंत्र सुरू झाले, की झाले! परंतु तेवढ्याच अवधीत एक अवघड प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो सोडविताना जराशी उलटापालट झाली तरी यंत्र जागच्या जागी थिजते. तो प्रश्न असा : कोणी कोणाच्या आधी उठावयाचे? आणि ज्या घड्याळावर सर्वांचे काम अवलंबून, ते घड्याळ स्वतः कोणाच्या आधाराने उठणार?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ह्या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याला माझ्याकडे दोन उत्तरे आहेत. एक असे की, लिनक्स ह्या संगणकप्रणालीचा सगळा मजकूर वाचावयास सर्वांना खुला आहे. त्यासाठी कोणत्याही शाखेचे प्रमाणपत्र लागत नाही. दुसरे असे की, जमाखर्च शिकणाऱ्याला क्रमाचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही. किर्दीत नोंद नसेल तर खतावणी होत नाही, खतावणीवाचून तेरीज निघत नाही आणि तेरीज जुळल्याशिवाय ताळेबंदाला हात घालता येत नाही. संगणकाच्या गाभ्याचेही असेच आहे. फरक इतकाच की, तेथे क्रम चुकला तर चूक दाखविणारा कारकून अजून कामावर आलेलाच नसतो.

हा केवळ वाचनाच्या हौसेचा विषय आहे असेही नाही. १९८१ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचे उड्डाण ऐन वेळी थांबवावे लागले, ते नेमक्या अशाच चुकीमुळे. ती हकिकत नीट समजण्यासाठी आधी थोडी पूर्वतयारी करू.

गाभा आणि त्याची पहिली अडचण

संगणकप्रणालीच्या मुख्य भागाला कर्नल म्हणतात. कर्नल म्हणजे फळातला गर, गाभा. आमचे कन्नड माध्यमातून आलेले मित्र ह्यालाच 'तिरुळु' म्हणतील. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा ही सारी साधने ह्या गाभ्याच्या ताब्यात असतात आणि इतर कार्यक्रमांनी त्याच्याकडे मागणी करून ती वापरावयाची असतात. एखाद्या विशिष्ट साधनाशी बोलण्याचे काम करणारा जो भाग, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आता ह्या गाभ्याला वेळ कशाला हवी, ते पाहू. दहा कार्यक्रम एकाच वेळी चालू असतील तर कोणाला प्रोसेसर किती वेळ द्यावयाचा, हे घड्याळावाचून ठरत नाही. डिस्कला हुकूम दिल्यावर उत्तराची किती वाट पाहावयाची, दूरच्या संगणकाला धाडलेल्या निरोपाची पोच न आल्यास तो पुन्हा केव्हा धाडावयाचा, कोणती फाइल केव्हा बदलली अशी नोंद ठेवावयाची, ह्या सर्वांना काळाचे भान लागते. एखादे साधन जागे करताना 'हा हुकूम दिल्यावर दहा मिलिसेकंद थांबा, मगच पुढचा द्या' अशी त्याच्या बनविणाऱ्याची अट असते. म्हणजे साधने सुरू करावयाची तर घड्याळ हवे. आणि घड्याळ हेही एक साधनच! त्याला सुरू करण्यासाठी मेमरी हवी, हाक ऐकण्याची व्यवस्था हवी, मोजदाद ठेवणारा हवा. आधी कोंबडी की आधी अंडे, अशातला हा प्रकार आहे.

यंत्रात बॅटरीवर चालणारे एक छोटे घड्याळ असते, ते का चालत नाही? चालते, पण दिनदर्शिकेपुरते. तारीख, तास, मिनिट आणि सेकंद ते सांगते. सेकंदाच्या हजाराव्या आणि लाखाव्या भागात ज्याचा व्यवहार, त्याला एवढ्याने काय होणार? दुकानात तोळ्या-माशाचा तराजू लागतो, तेथे वखारीचा काटा नेऊन भागत नाही.

घटिकापात्र आणि जोशीबुवा

आपल्याकडे जुन्या काळी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर साधीत असत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती हळूहळू भरून बुडाली, की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अशा ६० घटका भरल्या की एक अहोरात्र. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाटीला वेळ ठाऊक नसते. तिला फक्त बुडणे ठाऊक असते. 'ही कितवी घटका' हे सांगणारा जोशी शेजारी बसलेला असतो. तो सूर्योदयापासून मोजू लागतो, प्रत्येक वेळी वाटी बुडाली की एक खूण करतो आणि रिकामी वाटी पुन्हा पाण्यावर सोडतो. वाटी बुडाली आणि जोशी अजून आंघोळीहून आलेला नसेल, तर ती घटका हिशेबातून कायमची गेली.

संगणकातील टायमर ही ती वाटी होय. ठराविक काळाने तो प्रोसेसरला हाक मारतो; ह्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवतो, गाभ्यातील एक छोटे फंक्शन चालवितो आणि परत आपल्या कामाला लागतो. ते फंक्शन म्हणजे जोशी. लिनक्समध्ये जोशाच्या खुणांच्या संख्येला 'जिफीज' असे नाव आहे. जिफी म्हणजे आपल्या बोलीतली चुटकी! सेकंदाला अशा किती चुटक्या घ्यावयाच्या, हे गाभा तयार करताना ठरविलेले असते. १००, २५० आणि १००० हे आकडे विशेष प्रचारात आहेत.

वाटीचे छिद्र किती बारीक, ह्यालाही इतिहास आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये टायमरची जी चिप होती, तिला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मिळत. हा विचित्र आकडा आला कोठून? त्या यंत्रात सेकंदाला १,४३,१८,१८० कंपने करणारा स्फटिक बसविला होता. अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीला लागणाऱ्या कंपनसंख्येच्या तो बरोबर चौपट आहे, आणि त्याचा बारावा हिस्सा टायमरला दिला गेला. पुढे वर्षानुवर्षे निघालेल्या पीसींनी जुन्या कार्यक्रमांच्या सोयीसाठी हाच आकडा जपला.

आता हिशेब करून पाहा. सेकंदाला १०० हाका हव्या असतील तर दर ११,९३१.८ ठोक्यांनी एक हाक हवी. पण टायमरला अपूर्णांक समजत नाही. त्याला ११,९३२ सांगावे लागते. फरक क्षुल्लक वाटतो. परंतु प्रत्येक हाक बरोबर दहा मिलिसेकंदांनी येते असे धरून चालले, तर घड्याळ दिवसाला सुमारे १.३ सेकंद मागे पडते. पैशाचा पूर्णांक करताना उरलेली कवडी कोठे गेली, हे जसे हिशेबनिसाला सांगता आले पाहिजे, तसे टायमरचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाही.

कोण आधी, कोण नंतर

लिनक्सच्या मजकुरात 'स्टार्ट कर्नल' नावाचे एक फंक्शन आहे. त्यात एकाखाली एक नुसत्या हाकाट्या आहेत : आता तू ऊठ, आता तू ऊठ. प्रथमदर्शनी ती यादी रटाळ वाटते. पण प्रत्येक ओळ तेथेच का, असे विचारू लागले, की तिच्यातले तर्कशास्त्र दिसू लागते.

आरंभी इंटरप्ट बंद ठेवलेले असतात. कारण उघड आहे. हाक ऐकणारा कोणी नसताना हाक येऊन उपयोग नाही. उलट ती आली तर प्रोसेसर भलत्याच पत्त्यावर जाऊन पडेल. मग मेमरीच्या वाटपाची व्यवस्था उभी राहते, कारण पुढच्या प्रत्येकाला आपापल्या याद्या ठेवावयास जागा हवी. त्यानंतर कामांची पाळी ठरविणारा शेड्युलर उठतो. तो टायमरच्या आधी का? कारण टायमरची प्रत्येक हाक 'सध्याच्या कामाने किती वेळ खाल्ला' हे शेड्युलरच्या वहीत मांडते. वहीच नसेल तर मांडणार कोठे? मग इंटरप्ट स्वीकारण्याची व्यवस्था, मग टायमरच्या याद्या, मग काळगणनेचा भाग. बॅटरीवरील घड्याळातून आजची तारीख-वेळ बहुधा ह्याच सुमारास वाचली जाते. सूर्योदय झाला आणि जोशीबुवा बसले, असे म्हणू. ही सर्व मांडामांड झाल्यावरच इंटरप्टचे दार उघडले जाते.

आणि तरीसुद्धा आपल्या नेहमीच्या पीसीवर खरा टायमर अजून सुरू झालेला नसतो! नव्या यंत्रांतील एचपीईटी नावाचा टायमर मेमरीच्या एका पत्त्यावरून हाताळावा लागतो. तो पत्ता गाभ्याच्या नकाशात बसविण्याची सोय एवढ्या लवकर झालेली नसते. म्हणून वेळेची व्यवस्था करणारे फंक्शन त्या टप्प्यावर फक्त एक चिठ्ठी ठेवून जाते, की हे काम नंतर करावे. मेमरीची उरलेली व्यवस्था लागल्यावर ती चिठ्ठी काढून टायमर सुरू केला जातो. 'आधी लगीन कोंढाण्याचे' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. मग रायबाचे कितीही निकडीचे असो.

ह्या क्रमाचा पुरावा कोणालाही पाहता येतो. लिनक्स सुरू होताना जे संदेश नोंदले जातात, त्यांच्या प्रत्येक ओळीआधी सेकंद आणि त्याचे सहा दशांश छापलेले असतात. पहिल्या अनेक ओळींपुढे निखळ शून्ये दिसतात. त्या ओळी एकाच क्षणी लिहिल्या गेल्या असे नव्हे. त्या लिहिल्या जाताना वेळ विचारण्यासारखे घड्याळच नव्हते. काळ जात होता, पण त्याची नोंद ठेवणारा कोणी नव्हता.

क्रम वा टायमर बिघडला तर काय होते, ह्याचा एक नमुना लहान यंत्रांसाठी गाभा तयार करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. थोडा वेळ नुसते थांबावयाचे असेल तर गाभा एक रिकामी फेरी ठराविक वेळा फिरवितो. अशा किती फेऱ्या एका चुटकीत होतात, हे आरंभी मोजून ठेवावे लागते. त्यासाठी तो चुटक्यांची संख्या बदलण्याची वाट पाहतो आणि तेथून पुढच्या चुटकीपर्यंत फेऱ्या मोजतो. टायमरची हाकच येत नसेल तर ती संख्या कधीच बदलत नाही. पडद्यावर 'कॅलिब्रेटिंग डिले लूप' एवढी अक्षरे उमटतात आणि यंत्र तेथेच उभे राहते. चूक कळविणारा संदेश नाही, काही नाही. 'फार वेळ झाला, काहीतरी बिघडले असावे' असे तरी त्याने म्हणावे ना? पण फार वेळ झाला हे कळावयासही घड्याळच लागते! आजच्या पीसीवर ठोक्यांची गती अन्य मार्गाने कळत असल्यामुळे ही मोजणी बहुधा टाळली जाते. परंतु साधे टायमर असलेल्या यंत्रांवर हा प्रसंग आजही ओढवू शकतो.

उचंत खाते

एकाच यंत्रात काळ मोजणारी साधने अनेक असतात : पीसीतली जुनी टायमर-चिप, वीजव्यवस्थेशी जोडलेला एक मोजक, एचपीईटी, आणि १९९३ च्या पेंटियमपासून खुद्द प्रोसेसरमध्येच असलेला टीएससी हा मोजक. लिनक्स त्यांना गुण देतो. नुसत्या चुटक्या मोजण्याला १ गुण, जुन्या चिपला ११०, वीजव्यवस्थेच्या मोजकाला २००, एचपीईटीला २५० आणि टीएससीला ३००. ज्याला गुण अधिक, ते मुख्य घड्याळ.

मग आरंभी कोणते घ्यावयाचे? ३०० गुणांचा टीएससी जलद आणि बारीक खरा, पण त्याचे सेकंदाला किती ठोके पडतात हे आरंभी ठाऊक नसते. काही नवे प्रोसेसर ते स्वतः सांगतात. बाकीच्यांच्या बाबतीत जुन्या टायमरचा एक ठराविक अवधी घेऊन तेवढ्यात टीएससीचे किती ठोके पडले, हे मोजावे लागते. पूर्वी घरातले घड्याळ आकाशवाणीच्या वेळेबरोबर लावून घेत, तसाच हा प्रकार. म्हणजे हुशार घड्याळाला कामावर घेण्यापूर्वी सामान्य घड्याळाची साक्ष लागते.

तोवर काम अडून राहू नये म्हणून १ गुणाच्या चुटक्याच तात्पुरत्या मुख्य घड्याळाच्या जागी बसविल्या जातात. आम्ही जमाखर्चात ह्याला उचंत खाते म्हणतो. रक्कम आली आहे, ती कोणाच्या नावे हे अजून कळलेले नाही. पण म्हणून वही बंद ठेवता येत नाही. ती उचंतीला टाकावी, पुढे उलगडा झाला की योग्य खात्यावर न्यावी. गाभाही बहुतेक साधनांची हजेरी लागेपर्यंत अंतिम निवड लांबणीवर टाकतो. निवड झाल्यावरही विश्वास आंधळा नसतो. जेथे टीएससीवर भरवसा नाही, तेथे दुसऱ्या घड्याळाकडून दर अर्ध्या सेकंदाला त्याची तपासणी होते. मेळ बसेनासा झाला तर त्याला अविश्वसनीय ठरवून खालच्या गुणांच्या घड्याळाला बढती मिळते. हिशेबतपासनीस नेमण्याची ही पद्धत आमच्या शाखेतील कोणालाही पटावी.

ड्रायव्हर लिहिताना

टायमरच्या ड्रायव्हरला दोन निरनिराळी कामे करावी लागतात. 'आता किती वाजले' हे सांगणे हे एक, आणि 'अमुक वेळाने मला उठव' हा निरोप पाळणे हे दुसरे. पहिले भिंतीवरच्या घड्याळाचे, दुसरे गजराचे. ही कामे वेगळी मानून त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र चौकटी लिनक्समध्ये २००६-०७ च्या सुमारास आल्या. त्यामुळे एक साधन उत्तम घड्याळ असेल पण गजर नसेल, किंवा उलट असेल, तरी त्याचा उपयोग करता येऊ लागला. शिवाय नेमाने हाका मारीत बसण्याऐवजी 'पुढचे काम ज्या क्षणी आहे तेव्हाच उठव' असे सांगता येऊ लागले, आणि रिकामा प्रोसेसर मधल्या वेळात झोप घेऊन वीज वाचवू लागला.

ड्रायव्हरच्या पोटातही क्रम असतोच. प्रथम टायमर बंद करून जुनी पडून राहिलेली हाक पुसावी, मग हाक ऐकणारे फंक्शन नेमावे, मग गाभ्याकडे नोंदणी करावी आणि शेवटी टायमर चालू करावा. कित्येकदा यंत्र सुरू करणाऱ्या आधीच्या कार्यक्रमाने टायमर चालूच ठेवलेला असतो. अशा वेळी ऐकणारा तयार होण्याआधी दार उघडले, तर पहिल्याच हाकेला गाभा कोसळतो.

दुसरा सापळा गजराचा. एचपीईटीमध्ये 'मोजक ह्या आकड्याला पोचला की उठव' असे सांगावयाचे असते. समजा, आकडा लिहितालिहिता मोजक त्याच्या पुढे गेला. मग बरोबरीचा क्षण येऊन गेलेला असतो, आणि मोजक पूर्ण फेरी मारून परत येईपर्यंत हाक येत नाही. ३२ द्विअंकी स्थानांचा मोजक धरला तर ही फेरी सुमारे पाच मिनिटांची! म्हणून आकडा लिहिल्यावर पुन्हा एकदा मोजक वाचून पाहावा आणि वेळ टळली असल्यास तसे गाभ्याला कळवावे, अशी शिस्त आहे.

तिसरी गोष्ट फेरीची. ३२ स्थानांच्या मोजकात सेकंदाला १०० चुटक्या टाकल्या तर तो ४९७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येतो. १००० टाकल्या तर ४९.७ दिवसांनी. विंडोज ९५ हे यंत्र सलग ४९.७ दिवस चालू राहिले तर अडकून पडे, त्याचे कारण हेच. अशी चूक पहिल्या दिवशी दिसत नाही, आणि सलग इतके दिवस यंत्र चालवून पाहण्याची सवड परीक्षकाला नसते. लिनक्सकर्त्यांनी ह्यावर फार सुंदर तोड काढली आहे. चुटक्यांची मोजणी शून्यापासून सुरू न करता, ३२ स्थाने भरावयास पाच मिनिटे कमी असतील अशा आकड्यापासून ती सुरू होते. म्हणजे जी चूक दीड वर्षाने बाहेर पडावयाची, ती कामाला बसल्यावर पाच मिनिटांत समोर येते.

पंगती आणि थांबलेले पाहुणे

मुख्य मंडळी उठली, की उरलेल्या शेकडो ड्रायव्हरांची पाळी येते. त्यांची एकेक नावे 'स्टार्ट कर्नल'मध्ये लिहीत बसणे शक्य नाही. म्हणून लिनक्समध्ये ० पासून ७ पर्यंत पंगती मांडल्या आहेत. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपण कोणत्या पंगतीला बसणार एवढे सांगावयाचे. सामान्य साधने सहाव्या पंगतीत. पण एकाच पंगतीत कोण आधी? तर गाभा जोडताना ज्याचे नाव आधी आले, तो. ह्याचा अर्थ असा की, याद्यांच्या फाइलीत कोणी सहज एखादी ओळ वरखाली केली, तर कालपर्यंत चालणारे यंत्र आज बंद पडू शकते. आणि का, ते कोठेही लिहिलेले नसते.

२०१२ साली ह्यावर एक समंजस उपाय आला. ड्रायव्हरला आपल्याला लागणारी वस्तू अजून मिळालेली नाही असे दिसले, तर तो 'आता नाही, मागाहून विचारा' असे उत्तर देतो. गाभा त्याला बाजूला बसवितो आणि दुसरे कोणी यशस्वीपणे उभे राहिले, की ह्या थांबलेल्यांना पुन्हा विचारतो. क्रम नशिबावर न सोडता गरजेवर ठरू लागला.

मुख्य टायमरला मात्र ही सवलत नाही. तो नसेल तर पंगत वाढणारेच उठत नाहीत! म्हणून मोबाइलमध्ये असतात त्या एआरएम जातीच्या प्रोसेसरांवर टायमरांची वेगळी यादी असते, आणि तिच्यावरून त्यांना थेट आरंभीच उठविले जाते. तेथेही आधी ठोके पुरविणारे, मग ते मोजणारे, हा क्रम पाळावाच लागतो.

कोलंबियाची हकिकत

आता ती हकिकत. १० एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे पहिले स्पेस शटल उड्डाणासाठी सज्ज होते. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन हे अंतराळवीर आत बसले होते. यानात पाच संगणक होते. चारांवर एकच मुख्य कार्यक्रम चालत असे. पाचव्यावर निराळ्या लोकांनी लिहिलेला राखीव कार्यक्रम होता, की मुख्य कार्यक्रमातच खोट निघाली तर ह्याने सूत्रे हाती घ्यावीत. उड्डाणाला सुमारे वीस मिनिटे असताना ह्या पाचव्याला इतरांशी जुळवून घ्यावयास सांगितले, आणि ते जुळेना. चौघांच्या काही कामांचा ठेका त्याला एक फेरी आगाऊ पडताना दिसत होता. अशा माहितीवर तो विश्वास ठेवीना. त्या दिवशीचे उड्डाण रद्द झाले.

नासातील जॉन गार्मन ह्यांनी त्याच वर्षी ह्या चुकीचा सविस्तर वृत्तान्त लिहिला. सर्वांत आधी चालू होणाऱ्या मुख्य संगणकाला आपल्या कामांची आरंभवेळ ठरवावी लागे. 'आता किती वाजले' हे काढण्यासाठी तो टायमरच्या रांगेचा आधार घेई, आणि त्या क्षणी रांगेत दुसरे काही नसणार असे गृहीत धरलेले होते. ते खरेही होते. पण सुमारे दोन वर्षांपूर्वी त्या हिशेबाच्या आधी चालणाऱ्या एका भागात थोडा वेळ थांबण्याची सूचना आली. थांबावयाचे म्हणजे रांगेत एक नोंद पडणार! रांग आता रिकामी राहिली नाही, पण त्यामुळे काही बिघडलेही नाही. पुढे त्या थांबण्याचा काळ किंचित बदलला. तेव्हापासून संगणक चालू करताना ६७ मध्ये १ वेळा आरंभवेळ चुकण्याचा संभव निर्माण झाला. इतक्या परीक्षांतून तो हाती लागला नव्हता; तो नेमका उड्डाणाच्या दिवशी आडवा आला. मुख्य संगणक पुन्हा नव्याने सुरू केल्यावर मेळ बसला आणि १२ एप्रिल रोजी कोलंबियाने यशस्वी उड्डाण केले.

ह्या हकिकतीत नालायक असा कोणीच नाही, हे विशेष. थांबण्याची सूचना घालणाऱ्याचे काम त्याच्यापुरते बरोबर होते. आरंभवेळ काढणाऱ्याचेही बरोबर होते. 'माझ्या आधी रांग रिकामी असली पाहिजे' ही अट मात्र क्रमात दडून राहिली होती. ज्याच्या हातून ती मोडली, त्याला ती दिसण्याची सोय नव्हती.

म्हणून गाभ्याचे काम करणारे अनुभवी लोक क्रमाकडे नुसती यादी म्हणून पाहत नाहीत. प्रत्येक ओळीमागे एक गरज असते, आणि ती गरज शब्दांत लिहून ठेवावी लागते : ही ओळ येथे का, हिच्या आधी काय झालेले असले पाहिजे, आणि तसे झालेले नसेल तर काय करावयाचे. लिनक्सच्या 'स्टार्ट कर्नल'मध्ये मधूनमधून ज्या टिपा आढळतात, त्या बहुतांशी अशाच आहेत. आमच्या शाखेत प्रत्येक नोंदीखाली खुलाशाची एक ओळ लिहावयास सांगतात. परीक्षेत तिला गुण थोडे, म्हणून ती पुष्कळदा गाळली जाते. नोंद कशासाठी केली हे करणाऱ्याला ठाऊक असतेच. तो खुलासा पाच वर्षांनी ती वही उघडणाऱ्या परक्या माणसासाठी असतो. पुढच्या काळात आपल्यापैकी अनेकांना, शाखा कोणतीही असो, दुसऱ्याने लिहिलेल्या कार्यक्रमात ओळी घालाव्या लागतील. तेव्हा ओळ कोठे घालावी ह्याच्या जोडीला ती तेथे का, हेही लिहावे. वाटी तर तिच्या गतीने बुडतच राहते. ही कितवी घटका आणि मोजणी कोठून धरली, एवढे पुढच्या जोशाला वहीत सापडले पाहिजे.